झटपट घेवड्याची गोणी

पाककृतीच्या डोक्यावर तीन आकडे छापलेले असतात. पूर्वतयारी ५ मिनिटे, शिजवणे १० मिनिटे, एकूण १५ मिनिटे. हे आकडे कोण काढतं याचा अजून कुणाला छडा लागलेला नाही. ज्याच्या घरी ते मोजले जातात त्याच्याकडे कांदे सोललेले, लसूण निवडलेली, ओटा पुसलेला आणि मुलं आजोळी गेलेली असणार, एवढाच तर्क करता येतो. त्या आकड्यांखाली साहित्याची यादी सुरू होते आणि पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं : 'शिजवलेले पिंटो बीन्स, ३ कप.' ते कुणी शिजवले, कधी शिजवले आणि शिजेपर्यंत घरात काय काय बोलणी झाली, याबद्दल पाककृती मौन पाळते.

पदार्थ आहे रिफ्राइड बीन्स. मेक्सिकोत त्याला फ्रिहोलेस रेफ्रितोस म्हणतात. घेवडा मऊ शिजवायचा, कढईत चरबी नाहीतर तेल तापवून त्यात कांदा लाल करायचा, त्यावर घेवडा त्याच्याच पाण्यासकट ओतायचा आणि ठेचत ठेचत परतायचा. झाला पदार्थ. तो बरितोत भरतात, कुरकुरीत टोस्टाडावर फासतात, अंड्यांच्या शेजारी वाढतात. बोलिओ नावाचा पाव उभा कापून त्यावर हा लगदा आणि चीज घालून भाजलं की त्याला मोयेते म्हणतात आणि मेक्सिको सिटीत तो भरपेट नाश्ता होतो. चवीला उत्तम. दिसण्याविषयी मात्र न बोललेलं बरं. छायाचित्रकार या पदार्थावर चीज, कोथिंबीर, लिंबाची फोड असं काय काय रचून तो जमेल तेवढा झाकतात, यातच सगळं आलं.

कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या एका उपनगरात राहणाऱ्या मराठी गृहस्थाने हा पदार्थ घरी करायचं ठरवलं. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. असा एक तरी गृहस्थ अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आहे. गेली कित्येक वर्षं तो डबाबंद रिफ्राइड बीन्स सुखाने खात होता. साडेचारशे ग्रॅमचा डबा, दीड-दोन डॉलर, उघडला की तयार. सुखाला दृष्ट लागली ती चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे. नव्या चष्म्यातून त्याने एकदा डब्यावरचा बारीक मजकूर वाचला आणि त्यात 'लार्ड' हा शब्द निघाला.

"लार्ड म्हणजे?" बायकोने विचारलं.

"डुकराची चरबी."

"मग आपण इतकी वर्षं काय खात होतो?"

"आता ते काढू नकोस."

अमेरिकेत आलेल्या शाकाहारी मराठी माणसांपैकी कैक जण या वळणावरून गेलेले आहेत. पारंपरिक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत बहुधा चरबी असते. बिनचरबीचा डबा त्याच फळीवर, त्याच रंगाचा, फक्त एक शब्द जास्त लिहिलेला असा उभा असतो. त्यातल्या त्यात 'टाको बेल'च्या आश्रयाला गेलेले सुटले. ग्लेन बेल यांनी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावी सुरू केलेल्या या दुकानसाखळीच्या घेवड्याला २०१५ मध्ये अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनने रीतसर शाकाहारी ठरवलं. विद्यार्थी असताना स्वस्तातल्या बीन बरितोवर सेमिस्टर काढलेले लोक आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. पाडव्याला श्रीखंड खाताना ते हे कबूल करत नाहीत, एवढंच.

गृहस्थाने बिनचरबीचा डबा आणला असता तर हा लेख इथेच संपला असता. पण त्याच्यातला स्वाभिमान जागा झाला होता. घरीच करायचं! आणि घरीच करायचं म्हटल्यावर मराठी माणूस आधी काय करतो? हिशेब करतो. घाऊक दुकानात पिंटो बीन्सची २५ पौंडांची गोणी मिळते, म्हणजे अकरा किलोंपेक्षा थोडी जास्त. डब्यांच्या हिशेबाने ती इतकी स्वस्त पडते की न घेणं हाच तोटा वाटू लागतो. गृहस्थाने गोणी खांद्यावर मारून आणली आणि गॅरेजात, बर्फ ढकलायच्या फावड्याशेजारी ठेवली. एक पौंड सुका घेवडा शिजून सुमारे सहा कप होतो. म्हणजे गोणीचे दीडशे कप. घरात माणसं तीन, त्यातलं एक नऊ वर्षांचं, आणि त्या एकाला घेवडा आवडत नाही. हे गणित कुणी मांडलं नाही.

पिंटोचा दाणा कच्चा असताना देखणा असतो. फिकट गुलाबी अंगावर तपकिरी शिंतोडे. शिजला की शिंतोडे पुसले जातात आणि सगळे दाणे एकाच मळकट रंगाचे होतात. गोणी फोडल्यावर गृहस्थाने मूठभर दाणे कॅमेऱ्यासमोर धरून साताऱ्याला आईला दाखवले.

"अगंबाई, हा तर आपला वाघ्या घेवडा!" आई म्हणाली.

यात तिचं फार चुकलं नव्हतं. कोरेगाव तालुक्यात पिकणाऱ्या वाघ्या घेवड्याच्या अंगावर तांबडे पट्टे असतात, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पिंटो, राजमा, काळा घेवडा, वाघ्या हे सगळे वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी एकाच नावावर आहेत : फॅसिओलस व्हल्गॅरिस. कुळाचं मूळ गाव अमेरिका खंड. मेक्सिकोच्या बाजूला आणि अँडीज पर्वताच्या बाजूला असा दोन ठिकाणी माणसाने तो माणसाळवला आणि कोलंबसानंतर तो जगभर पांगला. साताऱ्याच्या माउलीने डेन्व्हरच्या दाण्याला 'आपला' म्हणणं म्हणजे परदेशी गेलेल्या नातलगाचं पोर ओळखण्यासारखं होतं. फक्त कोण कुठून परदेशी गेलं होतं, याचा तिथे थोडा घोळ झाला.

मराठी माणसाचं आणि मेक्सिकोच्या शेताचं नातं तसं या गोणीहून बरंच जुनं आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीत होते. इंग्रजांनी परतीची वाट बंद केल्यावर ते मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी मोठं काम केलं. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं आहे. जेवणाचं टेबल, भोवती कष्टकरी माणसं आणि मध्ये भाकरी वाटणारे खानखोजे. मेक्सिकोच्या जुन्या शेतात, ज्याला मिल्पा म्हणतात, मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो आणि खाली भोपळा पसरतो. घेवडा जमिनीला नत्र देतो, मका घेवड्याला आधार देतो. दोघांची गाठ पुढे टॉर्टियात पडते. वर्ध्याच्या माणसाने मक्याची इतकी सेवा केली, त्या मक्याच्या जोडीदाराने डेन्व्हरच्या मराठी घरात एवढा उच्छाद मांडावा, हे बरं नव्हे.

उच्छादाला निमित्त झालं पॉटलक. आठ मराठी कुटुंबं, रविवारी दुपारी मेक्सिकन बेत, ज्याने त्याने काही ना काही आणायचं. गृहस्थाने फोनवर सांगून टाकलं, "रिफ्राइड बीन्स आमच्याकडे लागले. घरी करतोय. पंधरा मिनिटांचं तर काम आहे." प्रस्तुत लेखक त्या बेताला पाहुणा म्हणून हजर होता आणि चिप्सच्या पिशव्या फोडण्याचं जोखमीचं काम त्याच्याकडे होतं. त्यामुळे पुढची हकिकत थोडी पाहिलेली, थोडी ऐकलेली आणि थोडी छताकडे बघून ताडलेली आहे.

घेवडा रात्री भिजत घालायचा राहिला. हे लक्षात येण्याची जागतिक वेळ सकाळी साडेनऊ आहे. दूध घ्यायला फ्रिज उघडावा, काहीतरी विसरल्यासारखं वाटावं आणि मग गॅरेजाच्या दिशेने बघावं. अशा लोकांसाठी झटपट भिजवण्याची युक्ती असते. दाणे दोन-तीन मिनिटं खळखळून उकळायचे, झाकून तासभर ठेवायचे आणि पाणी ओतून द्यायचं. म्हणजे १५ मिनिटांच्या झटपट पदार्थासाठी सव्वा तासाची झटपट पूर्वतयारी. गंमत म्हणजे मेक्सिकोतल्या कित्येक घरांत घेवडा भिजवतच नाहीत. निवडायचा, धुवायचा आणि मातीच्या मडक्यात कांद्याची फोड टाकून मंद आचेवर चढवायचा. तो दोन तासांनी शिजो नाहीतर चार तासांनी. तिथे कुणी पॉटलकला वेळ दिलेली नसते.

त्यात डेन्व्हर. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे. इथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे उघड्या भांड्यात घेवडा उकळत राहतो पण शिजायला घाई करत नाही. घर विकत घेताना दलालाने शाळा, बर्फ, गारा, डोंगराचं दर्शन असं सगळं सांगितलं होतं, घेवड्याचं काही सांगितलं नव्हतं. मेक्सिको सिटी तर २२४० मीटरवर. तिथे पाणी आणखी दोन-तीन अंश आधी हार मानतं. म्हणूनच तिथल्या घरोघरी प्रेशर कुकर आहे आणि त्याचा फुसफुसाट ऐकत तिथली पोरं मोठी होतात. या एका बाबतीत मेक्सिकन आणि मराठी बालपण सारखं आहे. कुकरचं झाकण कधी उडेल याची भीती दोन्हीकडे आजीच घालते.

गृहस्थाकडे शिट्टीचा कुकर होता, पण तो माळ्यावर. ओट्यावर होतं बटणांचं विजेचं यंत्र. साताऱ्याहून सल्ला चालूच होता.

"आई, किती मिनिटं लावू?"

"मिनिटं कसली? शिट्ट्या मोज."

"याला शिट्टीच नाही."

"शिट्टी नाही? मग शिजलं हे कळतं कसं?"

"ते आपोआप बंद होतं आणि आवाज करतं."

"शिजलंय हे त्याला काय माहीत? त्याने दाणा दाबून बघितला का?"

याला उत्तर नव्हतं. जगातल्या कुठल्याही यंत्राला अजून दाणा दोन बोटांत धरून दाबता येत नाही. शिवाय या यंत्राची एक खोड आहे. त्यावर ३० मिनिटं लावली की ते ३० मिनिटं मोजायला लागत नाही. आधी आत वाफ धरतं, त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढा वेळ काचेवर नुसतं 'ऑन' दिसतं आणि माणूस त्याच्यासमोर उभा राहून 'काय ऑन?' असं विचारत राहतो. नंतर मोजणी. मग वाफ आपसूक जिरायला आणखी वीस मिनिटं. पाककृतीत या चाळीस मिनिटांचा उल्लेख नसतो. ती कुणाच्या खात्यावर पडतात कोण जाणे.

झाकण उघडलं. दाणा दाबला. कच्चा.

आता घरात चौकशी समिती बसली. पहिला आरोप मिठावर झाला. मीठ आधी घातल्याने घेवडा शिजत नाही, असं बायकोचं म्हणणं. हा वाद मराठी आणि मेक्सिकन दोन्ही स्वयंपाकघरांत चालतो आणि दोन्हीकडे मीठ बहुतेक निर्दोष सुटतं. भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं तर उलट सालं मऊ होतात. खरा गुन्हेगार भांड्यातच तरंगत होता. गृहस्थाने 'चव मुरावी' म्हणून टोमॅटो आणि दोन लिंबांचा रस आधीच घालून ठेवला होता. आंबट पाण्यात घेवड्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटत नाही, दाणा हट्टाला पेटतो.

"चिंच घालून कधी डाळ शिजवली होती का रे आम्ही?" साताऱ्याहून विचारणा झाली. "एवढं इंजिनिअरिंग केलंस ते कशात?"

दुसरा आरोपी गॅरेजात होता. घेवडा गरम, दमट जागेत महिनोन् महिने पडून राहिला की तो कायमचा निबर होतो, मग किती उकळा. गोणीने एक उन्हाळा तिथे काढला होता. स्वस्त म्हणून एवढी आणली, एवढी म्हणून उरली, उरली म्हणून जुनी झाली, जुनी म्हणून शिजेना, आणि शिजेना म्हणून ती संपवायला आणखी वीज जाळायची. वाण्याकडून पावशेर आणणाऱ्या आपल्या आज्या अशा चक्रात कधी सापडल्या नाहीत. त्यांच्याकडे गॅरेज नव्हतं.

दाणे धुऊन, पाणी बदलून, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पुन्हा चढवले. सोडा आंबटाच्या नेमका उलटा वागतो. फार झाला तर साबणाची चव येते, म्हणून चिमूटभरच. अर्धेकच्चे दाणे तसेच ठेचून वेळ मारून नेण्याची सूचना गृहस्थाने मांडून पाहिली होती. ती फेटाळली गेली हे उत्तम झालं. कच्च्या घेवड्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा एक द्रव्यप्रकार असतो. तो लाल राजम्यात सर्वांत जास्त, पिंटोत त्याहून कमी. पण पोट बिघडवण्याच्या कामात तो तरबेज आहे. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन पाच तास भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात तीस मिनिटं खळखळ उकळा असं सांगतं. मंद आचेच्या, दिवसभर कोमट राहणाऱ्या भांड्यात तर कच्चा राजमा शिजवूच नये म्हणतात. आठ मराठी कुटुंबं, घरात दोन संडास. फायटोहिमॅग्लुटिनिनशी खेळण्याची ती वेळ नव्हती.

दुपारी दीडला घेवडा शिजला. पाहुणे बाराला आले होते.

पुढचा टप्पा ठेचण्याचा. मेक्सिकोत त्याला लाकडी ठेचणी असते, दांड्याला खाली जाड चपटा गट्टू. पावभाजीचं स्मॅशर चालतं, डावाची पाठ चालते, चिकाटी असेल तर काटाही चालतो. गृहस्थाने मिक्सर काढला. त्यामागे वेळ वाचवण्याचा विचार होता. आता गरम, दाट लगदा बंद भांड्यात फिरवला की वाफेला जागा लागते आणि ती झाकणाच्या दिशेने शोधते. पहिल्याच फेरीत झाकण वर गेलं आणि त्यामागोमाग सुमारे दोन कप घेवडा. एक कप परत आला. उरलेल्याचा ठसा छतावर आजही आहे, त्याचा आकार थोडासा गोवा राज्यासारखा आहे असं जाणकारांचं मत पडलं. जो भांड्यात राहिला त्याची खळ झाली. मिक्सरने घेवड्यातला सगळा पिष्ट मोकळा होतो, मग लगदा चिकट, ओढल्यासारखा होतो. रेफ्रितोस खरे तर थोडे रवाळ, मधूनच एखादा अख्खा दाणा दाताखाली येणारे हवेत.

तिकडे कढईत तेल तापत होतं. चरबीच्या जागी तेल घ्यायचं तर ते जरा सढळ हाताने, हे गृहस्थाला ठाऊक होतं. पण हातात मिसळणाचा डबा आल्यावर मराठी हात थांबत नाही. आधी जिरं, त्याला मेक्सिकोच्या उत्तरेकडची आणि टेक्ससची संमती आहे. मग 'थोडी' मोहरी. मग हिंग. मेक्सिकन स्वयंपाकात घेवड्याबरोबर एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला टाकतात, गॅस होऊ नयेत म्हणून. तेव्हा हिंगाचा हेतू अगदी मेक्सिकन होता. घेवड्यातल्या रॅफिनोजसारख्या शर्करा माणसाला पचवता येत नाहीत, आतड्यातले जंतू त्यांच्यावर मेजवानी झोडतात आणि बिल आपल्याला येतं. आपल्याकडे 'वातूळ' म्हणून हा विषय एका शब्दात आटपतात. हॉलिवूडने त्याला 'ब्लेझिंग सॅडल्स' या १९७४ च्या चित्रपटात शेकोटीभोवतीचा एक पूर्ण प्रसंग दिला.

हिंग पडला, मोहरी तडतडली, मिरची पडली आणि धुराची घंटा वाजली.

अमेरिकेत फोडणी देणाऱ्या प्रत्येक घराला हा आवाज परिचित आहे. छतावरचं ते पांढरं यंत्र आगीत आणि आमटीत फरक करत नाही. लगेच घरातली माणसं ठरलेल्या जागा घेतात. एकाने टॉवेल घेऊन यंत्राखाली नाचायचं, एकाने खिडक्या उघडायच्या, एकाने 'काही नाही, काही नाही, जेवण करतोय' असं शेजाऱ्यांना सांगायला दारात जायचं. गृहस्थाचा मुलगा या दारावरच्या कामात तयार झालेला आहे. तो परत आला तेव्हा त्याच्याबरोबर शेजारच्या आजी होत्या. मूळच्या हालिस्को राज्यातल्या, डेन्व्हरात चाळीसेक वर्षं. त्यांना धूर दिसला नव्हता. त्यांना घेवड्याचा वास आला होता.

आजी कढईशी आल्या. तोवर लगद्यात गोडा मसाला गेला होता, कारण 'काहीतरी कमी वाटत होतं', आणि गोड्या मसाल्यामागे गुळाचा खडाही. आजींनी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघू लागलं.

"छान झालंय," आजी म्हणाल्या. "काय आहे हे?"

"रेफ्रितोस," गृहस्थ म्हणाला.

आजींनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग हळूच विचारलं, "मांतेका?" म्हणजे चरबी घातली का?

"नाही. आम्ही शाकाहारी."

"पोब्रेसितोस," आजी पुटपुटल्या. याचा अर्थ 'बिचारे गं बाई', हे भाषांतर न करताही आठही कुटुंबांना समजलं.

या जागी डायना केनेडी असत्या तर त्यांनी इतकं सौम्य घेतलं नसतं. या मूळच्या इंग्रज बाई १९५७ मध्ये मेक्सिकोला गेल्या, नवरा 'न्यूयॉर्क टाइम्स'चा वार्ताहर. मेक्सिकन स्वयंपाकावरचं त्यांचं पुस्तक १९७२ साली आलं आणि पुढची पन्नास वर्षं, २०२२ मध्ये ९९ व्या वर्षी निधन होईपर्यंत, अमेरिकेतल्या टेक्स-मेक्स जेवणाला नावं ठेवण्यात त्यांनी कसूर केली नाही. टेबलावर त्या दिवशी एका कुटुंबाने आणलेलं सात थरांचं डिप होतं. त्यात खाली घेवडा असतो, वर ग्वाकामोले, आंबट साय, टोमॅटो, चीज, ऑलिव्ह, कांद्याची पात. काचेच्या भांड्यातून थर मोजता येतात आणि मराठी पाहुणे ते मोजतातच. "सहाच दिसतायत," एक काका म्हणाले. खरंच सहाच होते. सातवा गृहस्थाकडून यायचा होता.

आजींनी मग बाह्या सरसावल्या. लोखंडी तवा मागितला, घरी जाऊन एक वाडगा घेऊन आल्या. त्यात शिजलेला घेवडा होता, त्याच्याच रसात बुडालेला. पिवळट, पेरुआनो जातीचा, हालिस्कोकडे तोच लागतो. व्हेराक्रूस, युकातानकडची माणसं काळ्या घेवड्याशिवाय दुसऱ्याला घेवडा म्हणत नाहीत. उत्तरेत पिंटो. आपापल्या जातीच्या घेवड्याबद्दल मेक्सिकन माणूस इतका हळवा आहे की कोल्हापूर-पुण्याचा मिसळीचा वाद त्यापुढे शांततेत पार पडतो म्हणायचा. पाहुण्यांची अडचण ओळखून आजींनी तेलच घेतलं, भरपूर. कांदा जवळजवळ करपू दिला आणि मग काढूनच टाकला. तेलात डावभर घेवडा रसासकट पडला, चर्रर्र झालं. ठेचला. आणखी एक डाव. ठेचला. कडेने बुडबुडे फुटत राहिले, प्रत्येक बुडबुड्यागणिक ओट्यावर एक थेंब. लगदा तव्याची कड सोडायला लागला, तवा हलवला की एकसंध सरकायला लागला, तशी त्यांनी आच बंद केली. अजून जरा सैलच होता.

"पातळ वाटतोय," गृहस्थ म्हणाला.

"थांब," आजी म्हणाल्या. घेवडा निवला की पिष्टामुळे आपोआप घट्ट होतो. तव्यातच घट्ट केला की ताटात त्याची वीट होते.

घड्याळात दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. आठही कुटुंबांनी एकमेकांकडे पाहिलं. पाककृतीतले ते १५ मिनिटांचे आकडे बहुधा अशाच एखाद्या आजीच्या ओट्यावर मोजलेले असावेत. फक्त मोजणाऱ्याला तो वाडगा दिसला नसावा. तिथे घेवड्याचं मडकं आठवड्याला एकदा-दोनदा चढतंच. पहिल्या दिवशी तो रसासकट वाडग्यात खातात, दुसऱ्या दिवशी भाताबरोबर, आणि मडक्याच्या तळाशी उरलेल्याचे रेफ्रितोस होतात. आपल्याकडे फोडणीची पोळी करायची म्हणून कुणी मुद्दाम आदल्या रात्री पोळ्या लाटत नाही. त्या उरलेल्या असतात. डेन्व्हरच्या गृहस्थाने मात्र शिळं मुळापासून ताजं बनवायला घेतलं होतं.

आजींचा वाडगा आठ कुटुंबांना पुरणार नव्हता. यावर मेक्सिकोत म्हणतात, घेवड्यात पाणी वाढवा. अवचित पाहुणे आले की तिथे हेच करतात. आपल्याकडे हेच वरणाच्या बाबतीत करतात आणि कुणी उघडपणे बोलत नाही. आजींनी लगद्यात पाणी घातलं, सगळ्यांच्या टोस्टाडावर पातळसा थर आला. सहा थरांचं डिप सात थरांचं झालं, काकांनी मोजून खात्री केली.

आणि गृहस्थाच्या कढईतलं? त्यात कुणीतरी आमसूल टाकलं, कुणी ओलं खोबरं पेरलं. दुपारी चारला सगळ्यांनी ती घेवड्याची उसळ टॉर्टियाबरोबर चापून खाल्ली आणि मेक्सिकन बेत फार छान झाला असं एकमेकांना सांगितलं. आजींनीही दोनदा घेतली. जाताना त्यांनी त्या काळ्या सालीच्या आंबट गोष्टीचं नाव विचारलं, कागदावर लिहून घेतलं आणि चार आमसुलं रुमालात बांधून नेली.

उरलेला घेवडा गोठवण्यात आला. शिजलेला घेवडा फ्रीझरमध्ये काही महिने उत्तम टिकतो, आणि तो कशात भरायचा याबद्दल मेक्सिकन आणि मराठी गृहिणींत अजिबात मतभेद नाहीत. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात. मेक्सिकोत यावर पिढ्यान् पिढ्या विनोद होत आलेत, कारण तिथेही प्रत्येक पोराने लहानपणी तो डबा एकदा तरी मोठ्या आशेने उघडलेला आहे. त्या रात्री गृहस्थाच्या मुलाने उघडला.

"बाबा, यात बीन्स आहेत!"

"मग खालचा बघ."

"खालच्यातपण बीन्स आहेत."

"त्याच्या खालचा?"

"त्यात काहीतरी हिरवं आहे."

"त्याला हात लावू नकोस," आई आतून ओरडली, "ते वाटण आहे!"

मुलगा फ्रीझर बंद करून सरळ शेजारच्या आजींकडे गेला. पाच मिनिटांत परत आला. त्यांच्या व्हॅनिलाच्या डब्यात पेरुआनो होता.